गोळीबाराच्या मैदानावरील सरवा : सोमागाहारा आणि ओसाका

पीक कापून नेल्यावर शेतात राहिलेली कणसे वेचण्याला मराठीत 'सरवा वेचणे' म्हणतात. जपानीत त्यासाठी 'ओचिबो-हिरोइ' हा शब्द आहे. 'ओचिबो' म्हणजे गळलेली लोंबी आणि 'हिरोइ' म्हणजे वेचणे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या सरावक्षेत्रांभोवतीच्या जपानी खेड्यांत याच घडणीचा 'तामा-हिरोइ' हा शब्द वापरात होता. 'तामा' म्हणजे गोळी. रिकाम्या काडतुसाच्या पुंगळीला जपानीत 'याक्क्यो' म्हणतात आणि त्या शब्दातील दुसऱ्या चित्राक्षराचा अर्थ शेंग असा आहे. लोंबी वेचणारा आणि पुंगळी वेचणारा यांना एकच क्रियापद लागावे, ही केवळ भाषिक गंमत नव्हे. मालकाने मागे टाकलेले ते वाकून उचलणाऱ्याचे, हा जुना कृषिसंकेत त्यात गृहीत आहे. लष्कर, न्यायालय आणि कादंबरीकार यांनी या कृतीकडे पाहिले तेव्हा मात्र प्रत्येकाने तिला निराळ्या कथनात बसवले.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय त्यातील जोखीम कळत नाही. पुंगळी पितळेची असते. तिच्यात साधारण 70 टक्के तांबे व 30 टक्के जस्त असते. त्या काळी अमेरिकी पायदळाकडे असलेल्या एम-1 रायफलीची रिकामी पुंगळी सुमारे 13 ग्रॅम भरते, म्हणजे किलोभर पितळेसाठी पंचाहत्तर-ऐंशी पुंगळ्या वेचाव्या लागतात. सुट्ट्या पैशांसारख्या त्या मोजत बसावे लागत नाही. वजन केले की काम झाले. आपल्याकडे जुनी भांडी मोडीत देताना भांड्याचा घाट नव्हे तर तागडीचा काटाच किंमत ठरवतो, तसाच हा प्रकार. तोफगोळ्यांच्या मैदानावर चित्र वेगळे असते. तेथे लोखंडाचे तुकडे मुबलक मिळतात, पण स्वस्त. खरी किंमत गोळ्याच्या कमरेला बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्याची, आणि ती काढताना न फुटलेला गोळा हाताशी आला तर जीव जातो. अहिल्यानगरजवळील (पूर्वीचे अहमदनगर) के. के. रेंजसारख्या भारतीय सरावक्षेत्रांच्या आसपासच्या गावांना हा धोका अनोळखी नाही.

रायफलीच्या मैदानावर मात्र धोका उलट दिशेने येतो. शिसे निशाणाच्या मागच्या मातीच्या बंधाऱ्यात रुतते, पितळ मात्र बंदूक चालवणाऱ्याच्या पायाशी पडते. त्यामुळे पितळ वेचणाऱ्याला निशाणाकडे नव्हे तर सैनिकाकडे जावे लागते. खोट्या काडतुसांचा सराव असला तरी पुंगळी खऱ्या पितळेचीच पडते, म्हणून अशा दिवशीही वेचणारे येत. वेचणारा आणि सैनिक यांच्यात अंतर न ठेवणारा हा व्यवसाय आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील घटना नुसता अपघात वाटत नाही.

1950 मध्ये कोरियन युद्ध सुरू झाले आणि जपानमध्ये धातूचे भाव चढले. त्या तेजीला जपानी बोलीने 'कानेहेन केइकी' असे चित्रलिपीतून उचललेले नाव दिले. लोखंड, तांबे, पोलाद या धातूंच्या चित्राक्षरांत डाव्या बाजूस धातुवाचक अंग असते. ज्या धंद्यांच्या नावात ते अंग आहे त्यांचा सुकाळ, असा त्याचा अर्थ. सूत-कापडाच्या तेजीला याच रीतीने सूत्रवाचक अंगावरून नाव पडले होते. बाजारभावाचा अनुभव अक्षराच्या घडणीतून व्यक्त व्हावा, याला मराठीत सहजासहजी समांतर सापडत नाही. युद्ध 1953 मध्ये थांबले, पण वेचण्याची सवय आणि गरज थांबली नाही.

गुन्मा प्रांतात हारुना पर्वताच्या पायथ्याशी सोमागाहारा हे सरावक्षेत्र आहे. 30 जानेवारी 1957 रोजी तेथे नाका साकाई ही 46 वर्षांची, सहा मुलांची आई पुंगळ्या वेचत होती. आठव्या कॅव्हलरी रेजिमेंटचा एकवीस वर्षांचा सैनिक विल्यम गिरार्ड याच्यावर एका मशीनगनची राखण सोपवलेली होती. त्याने रायफलीला जोडलेल्या ग्रेनेड-प्रक्षेपकात रिकामी पुंगळी घातली आणि उडवली. ती पाठीत लागून साकाई मरण पावली. जी वस्तू वेचायला ती आली होती तीच तिला मारण्यास वापरली गेली. एखाद्या कथाकाराने हे रचले असते तर समीक्षकांनी त्याला बेतलेपणाचा दोष दिला असता. आधी पुंगळ्या फेकून वेचणाऱ्यांना जवळ बोलावले गेले, असे जपानी बाजूचे म्हणणे होते, आणि खटल्याचा सगळा भार या तपशिलावर पडला.

कारण प्रश्न अधिकारक्षेत्राचा होता. 1953 मध्ये सुधारलेल्या करारानुसार कर्तव्य बजावताना घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवण्याचा पहिला हक्क अमेरिकेचा, इतर गुन्ह्यांबाबत जपानचा. पाखरे हाकावीत तसे वेचणाऱ्यांना हाकणे हे राखणदाराचे कर्तव्य मानले, तर साकाई घुसखोर ठरते. दाणे टाकून पाखरू जवळ आणावे तसे तिला बोलावले असेल, तर कर्तव्याची भाषाच गळून पडते. अमेरिकेने अखेर गिरार्डला जपानच्या हवाली करण्याचे ठरवले. त्याविरुद्ध अमेरिकेत मोठा गदारोळ झाला आणि एका न्यायालयाने मनाई हुकूमही दिला. पण 'विल्सन विरुद्ध गिरार्ड' या खटल्यात 11 जुलै 1957 रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तो उठवला. विल्सन हे संरक्षणमंत्री होते. जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत या प्रसंगाची ओळख मंत्री आणि सैनिक या दोन नावांनी होते. वेचणारीचे नाव शीर्षकात यायला जागाच नव्हती. मायेबाशीच्या जिल्हा न्यायालयाने कृत्य कर्तव्याशी निगडित नव्हते असे मानले आणि 19 नोव्हेंबर 1957 रोजी तीन वर्षांची शिक्षा सुनावली, पण ती चार वर्षे स्थगित ठेवली. आरोप सौम्य ठेवण्याविषयी दोन्ही सरकारांत आधीच गुप्त समझोता झाला होता, हे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. तेव्हा निकालातील सौम्यता केवळ न्यायाधीशाच्या मनोधर्माने समजावून देणे अपुरे ठरेल.

याच काळात जपानी कादंबरीनेही भंगाराचा विषय उचलला, पण सरावक्षेत्रातून नव्हे. 14 ऑगस्ट 1945 रोजी, शरणागतीच्या आदल्या दिवशी, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला ओसाकाचा लष्करी शस्त्रकारखाना वर्षानुवर्षे तसाच पडून होता. रात्री त्यातून धातू पळवणाऱ्या, मुख्यतः कोरियन वस्तीतील लोकांना वृत्तपत्रांनी 'अपाची' म्हटले. हे नाव अमेरिकी चित्रपटांच्या लोकप्रियतेतून आले. गिरार्डच्या रेजिमेंटने एकोणिसाव्या शतकात खऱ्या अपाचींविरुद्ध मोहिमा केल्या होत्या. हा निव्वळ योगायोग असला तरी अभ्यासकाने नोंदवावा असा आहे.

काइको ताकेशी यांची 'निप्पोन सानमोन ओपेरा' ही कादंबरी 1959 ची. 'सानमोन' म्हणजे तीन मोन, एक क्षुल्लक नाणे. शीर्षकात ब्रेख्तच्या 1928 च्या संगीतिकेचा निर्देश उघड आहे. त्याच संगीतिकेवरून पु. ल. देशपांडे यांनी 1978 मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' केला. पुलंनी भारतीय शहराचा गुन्हेगार समाज तमाशाच्या अंगाने उभा केला. काइकोंनी संगीत सोडले, व्यवस्थेची विडंबना ठेवली: चोरांच्या वस्तीतील श्रमविभागणी आणि शिस्त इतकी काटेकोर रंगवली की कारखान्याचा आत्मा कारखाना मोडणाऱ्यांतच शिरल्यासारखा वाटतो. कोमात्सू साक्यो यांच्या 1964 मधील 'निप्पोन अपाची-झोकु'मध्ये तर माणसे लोखंड खाऊ लागतात आणि एक नवी जमात बनून राज्यसत्तेशी झुंजतात.

दोन्ही कादंबऱ्यांत उपहास जोरकस आहे. पण दोन्हींच्या केंद्रस्थानी पुरुषांची टोळी आहे, आणि टोळी म्हटली की धाडीचे, पाठलागाचे, पराक्रमाचे कथानक आपोआप मिळते. दिवसाउजेडी, एकटीने, वाकून केलेल्या वेचणीला असे कथानक नाही. सरवा वेचणारीला साहित्यात जागा नव्हती असे नव्हे. बायबलमधील रूथ ही त्याची जुनी साक्ष. मात्र रूथच्या कथेत शेताचा मालक समोर येऊन तिला अभय देतो. सोमागाहाराच्या मैदानाचा मालक कोण, हाच वादाचा मुद्दा होता. कोर्टाच्या कागदांपलीकडे साकाईची कथा वाढली नाही याची मुळे बहुधा येथे शोधावी लागतील.

ओसाकाच्या त्या वस्तीत स्वतः वावरलेले कोरियन वंशाचे लेखक यांग सोक-इल यांनी 1994 मध्ये 'योरू ओ काकेते' लिहिली. 2002 मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. तिच्या उत्तरार्धात कथानक भंगार सोडून ओमुरा येथील छावणीत जाते. परदेशी ठरवलेल्या कोरियनांना देशाबाहेर धाडण्यापूर्वी तेथे डांबून ठेवले जाई. काइकोंच्या कादंबरीत भंगार उचलणारा चोर ठरतो; यांगच्या कादंबरीत त्याच कृतीमुळे त्याचा त्या भूमीवर राहण्याचा हक्कच तपासला जातो.