चालणारा रोबो : मोटर घेण्याआधीचा हिशोब

१५ जानेवारी २०२५ रोजी सेना दिनाचे संचलन पुण्यात झाले. त्यात चार पायांचे 'रोबोटिक म्यूल' पावले टाकत गेले, ते आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल. त्याच रात्री मेसमध्ये आम्हा चौघांचे ठरले, की आपणही चार पायांचा एक छोटा रोबो करायचा आणि पालक दिनाच्या प्रदर्शनात चालवून दाखवायचा. विज्ञान मंडळाकडून तीन हजार रुपये मंजूर झाले. कंट्रोलर आणि सर्व्हो चालवणारा बोर्ड प्रयोगशाळेत होताच. बाकी सगळे त्या तीन हजारांत बसवायचे होते.

पहिला रोबो उभा राहिला, पण चालला नाही. तो का चालला नाही आणि उरलेल्या पैशांत दुसरा कसा चालला, ते येथे लिहीत आहोत. पुढच्या बॅचने तरी आमची चूक पुन्हा करू नये, एवढाच उद्देश.

पहिली खरेदी

आम्ही आधी दुकान पाहिले आणि मग रोबोचा विचार केला. सगळ्यात स्वस्त सर्व्हो म्हणजे निळ्या रंगाचा एसजी९०. वजन फक्त ९ ग्रॅम, किंमत आम्हाला पडली शंभर रुपये. प्रत्येक पायाला दोन, म्हणजे आठ सर्व्हो, आठशे रुपये. एक सर्व्हो पाय पुढे-मागे फिरवणार आणि दुसरा पाय उचलणार व टेकवणार. शरीरासाठी सहाशे रुपयांचा जाड ॲक्रिलिक पत्रा आणला. बॅटरी होती जुन्या चार्जिंग टॉर्चमधली, लेड-ॲसिडची, चांगली जड.

स्विच चालू केला. रोबो चारही पायांवर उभा राहिला, पण थरथरत होता आणि सर्व्होंमधून सारखी गुणगुण ऐकू येत होती. पुढचा एक पाय उचलताच तो त्या बाजूला कोसळला. आम्हाला प्रोग्राम चुकला असे वाटले. दोन दिवस आम्ही प्रोग्रामच बदलत बसलो. तोपर्यंत पाय उचलणाऱ्या चारपैकी तीन सर्व्होंचे प्लास्टिकचे दाते तुटले होते.

भौतिकशास्त्राच्या सरांनी रोबो हातात घेतला आणि दोनच गोष्टी विचारल्या.

"वजन किती आहे याचं?"

"सर, मोजलं नाही."

"आणि सर्व्होच्या आसापासून पाऊल किती लांब टेकतंय?"

"सर, तेही मोजलं नाही."

"मग मोटर निवडली कशावरून?" सरांनी रोबो परत टेबलावर ठेवला. आम्ही किमतीवरून निवडली होती, हे सांगायची गरजच उरली नाही.

किलो-सेंटीमीटर म्हणजे काय?

सर्व्होच्या माहितीपत्रकात 'टॉर्क १.८ किलो-सेंटीमीटर' असे लिहिलेले असते. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. वरच्या आकड्याचा अर्थ असा, की आसापासून १ सेंटीमीटर अंतरावर टांगलेले १.८ किलो वजन ती मोटर जेमतेम पेलेल. २ सेंटीमीटरवर ०.९ किलो, ६ सेंटीमीटरवर फक्त ०.३ किलो. अंतर जितके वाढेल, तितके पेलण्याचे वजन घटते.

हे आपल्याला ग्राउंडवर रोज अनुभवाला येते. 'सावधान'मध्ये ताठ उभे राहिले, तर मांड्यांना फारसा ताण येत नाही, कारण शरीराचा भार गुडघ्यांवरून सरळ जमिनीत उतरतो. अर्धी बैठक घालून उभे राहा, म्हणजे मिनिटभरात मांड्या थरथरू लागतात. वजन तेच, पाय तेच. फक्त भाराची रेषा गुडघ्यापासून बाजूला सरकली. आमचा रोबो कोळ्यासारखे पाय फाकवून, म्हणजे कायम अर्ध्या बैठकीत उभा होता.

मग आम्ही मोजमाप केले. मेसमधल्या काट्यावर रोबोचे वजन भरले ९०० ग्रॅम. पाय उचलणाऱ्या सर्व्होचा आस आणि पाऊल यांतले आडवे अंतर होते ८ सेंटीमीटर.

चारही पाय टेकलेले असताना प्रत्येक पायावर भार २२५ ग्रॅम. ०.२२५ गुणिले ८ म्हणजे १.८ किलो-सेंटीमीटर. माहितीपत्रकातला आकडाही नेमका तोच. म्हणून रोबो उभा राहत होता आणि म्हणूनच थरथरत होता. त्याच्याकडे राखीव जोर काडीचाही नव्हता.

आता चालण्याचा हिशोब. एक पाय उचलला, की भार उरलेल्या तिघांवर सारखा वाटला जात नाही. बराचसा भार समोरासमोरच्या कर्णातल्या दोन पायांवर येतो. म्हणून हिशोब नेहमी 'दोनच पायांवर उभा आहे' असे धरून करावा. ४५० ग्रॅम गुणिले ८ सेंटीमीटर, म्हणजे ३.६ किलो-सेंटीमीटर. हवा होता ३.६ आणि होता १.८. प्रोग्राम कितीही चांगला लिहिला असता, तरी हा रोबो चालणार नव्हता.

निम्म्याचा नियम

आणखी एक गोष्ट समजली. माहितीपत्रकातला टॉर्क हा 'स्टॉल टॉर्क' असतो, म्हणजे मोटर अडकून थांबते त्या क्षणाचा जोर. त्या अवस्थेत मोटर सर्वाधिक वीज खाते आणि ती सगळी उष्णतेत जाते. माणूस एकदा जीव खाऊन उचलू शकतो तेवढे ओझे घेऊन तो रूट मार्च करू शकत नाही, तसेच हे आहे. म्हणून छापलेल्या आकड्याच्या निम्माच जोर आपला समजावा. एसजी९० साठी ०.९ किलो-सेंटीमीटर. हिशोब त्याच्या आत बसला तरच ती मोटर घ्यावी.

मोठी मोटर हा उपाय का नव्हता?

पहिला विचार सर्वांच्याच मनात येतो तो हा, की मोठा सर्व्हो घेऊ. एमजी९९६आर या सर्व्होचा टॉर्क ४.८ व्होल्टवर ९.४ किलो-सेंटीमीटर आहे. पण त्याचे वजन आहे ५५ ग्रॅम. आठ सर्व्होंचे झाले ४४० ग्रॅम. जुन्या आठांचे ७२ ग्रॅम होते. म्हणजे ३६८ ग्रॅम वाढले. त्यांना वीजही जास्त लागते, म्हणून बॅटरी मोठी. रोबो सहज १४०० ग्रॅमवर जातो. दोन पायांवर ७०० ग्रॅम गुणिले ८ सेंटीमीटर म्हणजे ५.६, आणि ९.४ चा निम्मा होतो ४.७. पाचपट जोराची मोटर घेऊनही निम्म्याचा नियम पाळला जात नव्हता! शिवाय एकाची किंमत साडेतीनशे धरली, तर आठांचे २८०० रुपये. आमच्याकडे उरले होते १६००.

कागदावर स्वस्त दिसणाऱ्या इतर मोटरीही आम्ही तपासल्या. २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर मोटर अचूक फिरते, पण तिचा टॉर्क साधारण ०.३ किलो-सेंटीमीटर, ती फार मंद आहे आणि नुसती धरून ठेवतानाही वीज खाते. पायाला ती उपयोगाची नाही. खेळण्यातल्या गाड्यांना असते ती पिवळी बीओ मोटर ३ ते ६ व्होल्टवर चालते आणि अगदी स्वस्त असते, पण ती नुसती गोल फिरते. कोन सांगितला तर त्या कोनावर थांबणे तिला जमत नाही.

मात्र त्या पिवळ्या मोटरीलाही चालायला लावता येते. डच कलावंत थिओ यान्सन १९९० पासून समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याच्या जोरावर चालणारे सांगाडे बनवत आले आहेत. त्यांत पायाच्या दांड्यांच्या लांबीची प्रमाणे अशी ठेवली आहेत, की एक आस गोल फिरला की पाऊल पुढे पडते, मागे ढकलते आणि पुन्हा उचलले जाते. डाव्या पायांना एक आणि उजव्या पायांना एक अशा दोन बीओ मोटरींवर असा रोबो होऊ शकतो. चाल बदलता येत नाही, पण सातवी-आठवीच्या कॅडेट्सनी सुरुवात येथूनच करावी असे आम्हाला वाटते.

फुकट मिळणारा जोर

टॉर्क म्हणजे भार गुणिले अंतर. मोटर विकत घ्यावी लागते. अंतर कमी करायला मात्र पैसे लागत नाहीत. हे लक्षात आल्यावर आम्ही दुकान बंद केले आणि पट्टी-पेन्सिल घेतली.

पाय आतल्या बाजूला घेतले, म्हणजे पाऊल आसापासून ८ ऐवजी ३.५ सेंटीमीटरवर टेकू लागले. याची किंमतही मोजावी लागतेच. पाऊल लहान पडते आणि रोबो अरुंद झाल्यामुळे कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून बॅटरी सगळ्यात खाली बसवली. ॲक्रिलिक काढून ३ मिलिमीटरचा प्लायवूड वापरला आणि त्यालाही मध्ये भोके पाडली. लेड-ॲसिडऐवजी दोन लिथियम सेल घेतले. नवे वजन भरले ४८० ग्रॅम.

पुन्हा हिशोब : २४० ग्रॅम गुणिले ३.५ सेंटीमीटर म्हणजे ०.८४ किलो-सेंटीमीटर. निम्म्याची मर्यादा ०.९. बसला!

पाय उचलणाऱ्या चार जागी आम्ही एमजी९०एस घेतले. ४.८ व्होल्टवर त्यांचाही टॉर्क १.८ च, पण दाते धातूचे. पाऊल आपटते तेव्हा धक्का दातांवर बसतो आणि प्लास्टिकचे दाते तिथेच तुटतात. पाय पुढे-मागे फिरवणाऱ्या सर्व्होचा आस उभा असतो, त्यामुळे वजन उचलण्याचे काम त्याच्यावर येत नाही. तिथे वाचलेल्या पाच एसजी९० पैकी चार बसवले आणि एक राखीव ठेवला. सगळीकडे सारखी मोटर हवीच, असे नाही. ज्या सांध्यावर भार आहे, पैसे तिथे घालावेत.

दुसऱ्या खेपेचा खर्च असा : चार एमजी९०एस ७२० रुपये, प्लायवूड १५०, सेल आणि होल्डर ३५०, व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर २००. एकूण १४२०. हातात १८० रुपये उरले.

वीज विसरू नका

मोटर बरोबर निवडूनही रोबो बंद पडतो, तो बहुधा विजेमुळे. असे छोटे सर्व्हो अडकले, की प्रत्येकी साधारण ०.७ अँपिअर घेतात. आठही एकदम अडकले तर साडेपाच अँपिअरच्या वर. संगणकाच्या साध्या यूएसबी पोर्टमधून मिळतो ०.५ अँपिअर. सुरुवातीला आम्ही दोन सर्व्हो कंट्रोलरच्या पिनवरूनच चालवून पाहिले, तेव्हा हलण्याऐवजी कंट्रोलरच पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत होता. सर्व्होंना वीज बॅटरीवरून कन्व्हर्टरमार्गे वेगळी द्यावी. कन्व्हर्टर ५ अँपिअरचा घ्यावा आणि तो ५ व्होल्टवर लावून मीटरने तपासल्याशिवाय सर्व्हो जोडू नयेत. दोन लिथियम सेल पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट देतात, ते थेट दिले तर सर्व्हो जळतो. बॅटरीची आणि कंट्रोलरची ऋण तार मात्र एकमेकींना जोडलेली हवी, नाहीतर सर्व्होला हुकूमच कळत नाही. लिथियम सेलची तार उलटी जोडू नका, आणि चार्जिंग सरांसमोरच करा.

आठ घेण्याआधी एक घ्या

बाजारात एकाच नावाचे चांगले-वाईट सर्व्हो मिळतात. म्हणून आधी एकच आणून परीक्षा घ्यावी. सर्व्होबरोबर येणाऱ्या पांढऱ्या पट्टीला फूटपट्टीचा तुकडा बांधा. सर्व्हो टेबलाच्या कडेला घट्ट धरा. आसापासून ५ सेंटीमीटरवर पाण्याची छोटी बाटली टांगा, बाटलीसकट वजन १८० ग्रॅम. हा झाला ०.९ किलो-सेंटीमीटर. पट्टी आडवी ठेवून मिनिटभर थांबा. पट्टी खाली झुकली किंवा सर्व्हो हाताला चटका देण्याइतका तापला, तर तो माल घेऊ नका. या परीक्षेला शंभर रुपये लागतात. आम्ही ती केली नाही, म्हणून आम्हाला चौदाशे लागले.

पालक दिनाला रोबो प्रदर्शनाच्या टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. चाल संथ होती. दहा-बारा मिनिटांनी पाय उचलणारा एक सर्व्हो गरम झाला, तेव्हा त्याला विश्रांती द्यावी लागली. निम्म्याच्या मर्यादेला इतके टेकून हिशोब केला, की असे होणारच. पुढच्या बॅचने वजन ४०० ग्रॅमच्या आत आणून पाहावे.

मोटरीच्या निवडीवरून मोठ्यांचे प्रकल्पही अडलेले आहेत. अमेरिकेत मरीन दलासाठी ओझी वाहणारा एलएस३ हा चार पायांचा रोबो इंजिनावर चालत असे. त्याचा आवाज एवढा होता, की शत्रूला तुकडीचा ठावठिकाणा कळेल म्हणून २०१५ मध्ये तो बाजूला ठेवण्यात आला. तो चालत होता, ओझेही उचलत होता, पण ज्या कामासाठी हवा होता त्या कामाला त्याचे इंजिन चुकीचे ठरले.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुलाने किंवा मुलीने मोटरीसाठी पैसे मागितले, तर नाही म्हणू नका. फक्त आधी वही मागा. तिच्यात वजन, अंतर आणि दोन पायांचा हिशोब लिहिलेला असेल, तर पैसे द्या. आमची वही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे, तुटलेले तीन सर्व्होही तिच्याबरोबरच आहेत. ज्यांना हवे त्यांनी उघडून दाते पाहावेत.