पातळ गेमिंग लॅपटॉपची चाचणी: कार्डाचे नाव, वॅट आणि खोलीतील हवा

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

• एकाच नावाचे ग्राफिक्स कार्ड दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळी कामगिरी का देते, हे सांगता येईल.
• खोलीच्या तापमानाचा कामगिरीवर होणारा परिणाम साध्या सूत्राने काढता येईल.
• नव्या लॅपटॉपची चाचणी स्वतः घेऊन निष्कर्ष नोंदवता येतील.

१. प्रस्तावना

समजा, तुम्ही शिक्षणासाठी जयपूरला आला आहात आणि दुर्गापुरा भागात भाड्याच्या खोलीत राहता. घरच्यांनी पैसे जमवून दिले आणि तुम्ही नव्या ग्राफिक्स कार्डाचा, दोन सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा गेमिंग लॅपटॉप घेतला. महिना मे आहे. दुपारी बाहेरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. खोलीत छताचा पंखा आणि एक कूलर आहे. लॅपटॉप घेण्यापूर्वी तुम्ही जी परीक्षणे पाहिली, ती बहुधा २२ ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत झालेली होती. ते आकडे तुमच्या टेबलावर खरे ठरतील का?

हा प्रश्न फक्त जयपूरचा नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव येथे उन्हाळा काढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा तो आहे. लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप मुख्य बोर्डावर कायमची जोडलेली असते. डेस्कटॉपप्रमाणे ती नंतर काढून दुसरी बसवता येत नाही. त्यामुळे निवड चुकली, तर ती चार-पाच वर्षे सांभाळावी लागते. वस्तू बदलून मिळण्याची मुदतही थोड्याच दिवसांची असते. चाचणी त्या मुदतीतच घ्यायला हवी.

दुर्गापुऱ्यात राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे. गव्हाच्या ‘राज’ नावाच्या वाणांसाठी हे केंद्र ओळखले जाते. कोणतेही नवे वाण तपासताना ते एकटे पेरून भागत नाही. त्याच शेतात, त्याच पाण्यावर, आधीच माहीत असलेले तुलनेचे वाण पेरतात आणि प्रयोग पुन्हा पुन्हा करतात. वाणाची क्षमता बियाण्यात असते, पण उत्पादन जमीन, पाणी आणि हवामान मिळून ठरते. लॅपटॉपचेही तसेच आहे. चिप हे बियाणे समजा. तिची प्रत्यक्ष कामगिरी लॅपटॉपचे शरीर आणि खोलीतील हवा मिळून ठरवतात.

२. नाव एक, वॅट अनेक

२०१७ च्या मे महिन्याच्या अखेरीस तैपेई येथील कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ‘मॅक्स-क्यू’ ही रचना जाहीर केली. हा शब्द अवकाशविज्ञानातला आहे. रॉकेट वर जाताना त्याच्यावर हवेचा सर्वांत जास्त दाब ज्या क्षणी येतो, त्याला मॅक्स-क्यू म्हणतात. त्या वेळचे सर्वांत ताकदवान कार्ड सुमारे १८ मिलिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये बसवायचे, असा या रचनेचा हेतू होता.

जीटीएक्स १०८० हे त्या काळचे कार्ड घ्या. डेस्कटॉपमध्ये त्याची ठरलेली शक्ती १८० वॅट होती. जाड लॅपटॉपमध्ये ती सुमारे १५० वॅट होती, तर मॅक्स-क्यू रूपात ९० ते ११० वॅट. तिन्हींमध्ये गणना करणारे गाभे २५६० च होते. बियाणे तेच होते, फक्त मिळणारे पाणी कमी होते. आसुसचा झेफिरस जीएक्स५०१ हा अशा पहिल्या लॅपटॉपांपैकी एक. झाकण उघडले की त्याचा तळ किंचित खाली उघडे आणि हवेला वाट मिळे. कीबोर्ड पुढच्या कडेला सरकवून मागचा भाग थंडाव्यासाठी मोकळा ठेवला होता.

पुढे २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेपासून कार्डाच्या नावातून ‘मॅक्स-क्यू’ हा शब्द गेला. ८० वॅटचे कार्ड आणि १५० वॅटचे कार्ड एकाच नावाने विकले जाऊ लागले. ग्राहकांचा गोंधळ झाल्यावर उत्पादकांनी आपल्या लॅपटॉपमधील कार्डाची शक्ती जाहीर करावी, असे एनव्हिडियाने सांगितले. आजही हा फरक मोठा आहे. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०७० साठी ३५ ते ११५ वॅट आणि आरटीएक्स ५०७० साठी ५० ते १०० वॅट एवढी मुभा उत्पादकाला असते. आरटीएक्स ५०९० लॅपटॉपमध्ये ९५ ते १५० वॅटवर चालते. त्याच नावाचे डेस्कटॉप कार्ड मात्र ५७५ वॅटचे आहे आणि त्यातील चिपही वेगळी, मोठी आहे.

म्हणून पहिला नियम असा: कार्डाचे नाव वाचून थांबू नका, वॅट विचारा.

३. कमी वॅटमध्ये काम कसे भागते?

चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता या प्रमाणात बदलते. वारंवारता २० टक्के कमी केली, तर व्होल्टेजही कमी करता येते. समजा ते १० टक्के कमी झाले. मग

०.८ × ०.९ × ०.९ = ०.६४८

म्हणजे वेग २० टक्के कमी झाला, पण शक्ती सुमारे ३५ टक्के वाचली. पातळ लॅपटॉप शक्य होतो तो या गणितामुळे. शेवटचा थोडा वेग मिळवण्यासाठी सर्वांत जास्त वॅट लागतात. तो वेग सोडला की उष्णता बरीच घटते. त्यामुळे पातळ लॅपटॉप ही फसवणूक नाही, तो एक सौदा आहे. सौद्याच्या अटी माहीत असल्या म्हणजे झाले.

४. खोलीतील हवेचे गणित

चिपमध्ये गेलेली जवळजवळ सर्व विद्युत शक्ती शेवटी उष्णता होते. ती तांब्याच्या नळ्या, पातळ पत्र्या आणि पंखे यांच्या मार्गाने हवेत जाते. या मार्गातील अडथळ्याला औष्णिक रोध म्हणतात. सूत्र असे:

चिपचे तापमान = खोलीचे तापमान + (शक्ती × औष्णिक रोध)

समजा, चिप ८५ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, असे लॅपटॉपमध्ये ठरवलेले आहे. २५ अंशांच्या खोलीत पंखे पूर्ण वेगात असताना ती ११० वॅट घेते. मग औष्णिक रोध = (८५ − २५) ÷ ११० = सुमारे ०.५४५ अंश प्रति वॅट.

आता तोच लॅपटॉप ४२ अंशांच्या खोलीत ठेवा. उपलब्ध फरक ८५ − ४२ = ४३ अंश. ४३ ÷ ०.५४५ = सुमारे ७९ वॅट.

लॅपटॉप बिघडलेला नाही, तरी त्याची शक्ती ११० वरून ७९ वॅटवर आली. तिसऱ्या भागातील नियमानुसार वेग त्या मानाने कमी घटतो, साधारण १० ते १५ टक्के. परीक्षणात सेकंदाला ६० चित्रे दिसली असतील, तर तुमच्याकडे ५१ ते ५४ दिसतील.

यात हवेच्या घनतेची भर पडते. समुद्रसपाटीला २० अंशांवर एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो असते. जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंच आहे. तेथे ४३ अंशांवर तेवढ्याच हवेचे वस्तुमान सुमारे १.०६ किलो भरते. पंखा तेवढ्याच वेगाने फिरला, तरी उष्णता वाहून नेणारी हवा सुमारे १२ टक्के कमी मिळते. जाड लॅपटॉपमध्ये मोठे पंखे आणि जास्त पत्र्या असल्याने थोडी शिल्लक हातात असते. पातळ लॅपटॉपमध्ये अशी शिल्लक फार कमी असते.

५. चाचणीची पद्धत

तयारी: विंडोज आणि कार्डाचे ड्रायव्हर अद्ययावत करा. सोबत आलेलाच अडॅप्टर वापरा. लॅपटॉप लाकडी टेबलावर ठेवा. गादी किंवा उशीवर ठेवू नका. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता मोड निवडला, ते लिहून ठेवा. साधा तापमापक लॅपटॉपच्या बाजूला एक हातावर ठेवा. तो मागच्या गरम झोतात ठेवू नका. नोंदीसाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड ही मोफत साधने पुरेशी आहेत.

चाचणी १, थंड सुरुवात: लॅपटॉप अर्धा तास बंद ठेवून मग एकदाच मापन करा. बहुतेक जाहिरातींतले आकडे असेच असतात. याला तुमचे तुलनेचे वाण समजा.

चाचणी २, दीर्घ भार: किमान ३० मिनिटे सलग भार द्या. ३डीमार्कची ताण चाचणी तेच दृश्य २० वेळा चालवते आणि स्थिरता ९७ टक्के असेल, तर उत्तीर्ण ठरवते. त्यानंतर तुम्ही खेळणार तोच खेळ, त्याच दृश्यात चालवा. दर पाच मिनिटांनी वॅट, तापमान, वारंवारता आणि चित्रांचा वेग लिहा.

चाचणी ३, जोड भार: प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांवर एकाच वेळी भार द्या. पातळ लॅपटॉपमध्ये दोघांच्या उष्णतेचा मार्ग सहसा सामाईक असतो. एकाचे वॅट वाढले की दुसऱ्याचे घटतात.

चाचणी ४, दोन वेळा: हीच दीर्घ चाचणी एकदा पहाटे आणि एकदा दुपारी तीनच्या सुमारास करा. बाकी काहीही बदलू नका. दोन्ही निकालांतील फरक तुमच्या खोलीचा आहे.

चाचणी ५, आवाज आणि स्पर्श: पंख्याचा वेग दुप्पट झाला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. मोबाइलवरील मापक अचूक नसतो, पण एकाच अंतरावरून केलेल्या तुलनेला चालतो. कीबोर्डाचा मधला भाग बोट ठेवता येणार नाही इतका तापतो का, तेही पाहा.

चाचणी ६, बॅटरीवर: ९० वॅट-तासांची बॅटरी १५० वॅट भारावर ३६ मिनिटांत संपेल. म्हणून प्लग काढताच लॅपटॉप वॅट बरेच कमी करतो. हा दोष नाही. मात्र दिवे गेल्यावर काम किती चालेल, हे आधीच माहीत असलेले बरे.

प्रत्येक चाचणी तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा. एका मापनावरून निष्कर्ष काढू नका.

६. निकाल कसा वाचायचा?

• तापमान मर्यादेवर टेकले आहे आणि वॅट घसरत आहेत: उष्णता हे कारण. पहाटेच्या चाचणीत वॅट सावरले, तर खोली जबाबदार आहे.
• तापमान मर्यादेच्या बरेच खाली, तरी वॅट ठरावीक आकड्यावर अडकलेले: उत्पादकाने किंवा निवडलेल्या मोडने घातलेली मर्यादा. मोड बदलून पुन्हा पाहा.
• वॅट आणि तापमान दोन्ही कमी, चित्रांचा वेगही कमी: कार्डाला पुरेसे काम मिळत नाही. प्रोसेसर मागे पडत असेल किंवा मेमरी अपुरी असेल.
• पहाटेच्या थंड खोलीतही दोन-तीन मिनिटांतच वॅट जाहीर किमान आकड्याखाली जातात: थंडावा देणाऱ्या भागात दोष असू शकतो. नोंदी घेऊन मुदतीत विक्रेत्याकडे जा.

शेवटच्या ओळीसाठीच ही सारी मेहनत आहे. ‘लॅपटॉप खूप तापतो’ या तक्रारीला ‘उन्हाळा आहे’ असे उत्तर सहज मिळते. पण खोली २६ अंश असताना कार्ड किती वॅटवर थांबले, याचा तीन वेळा घेतलेला तक्ता समोर ठेवला, तर ते उत्तर पुरत नाही.

७. उन्हाळ्यातील उपाय

लॅपटॉपची मागची बाजू एक-दोन सेंटिमीटर उचलून ठेवा. तळातील जाळ्यांना हवा मिळते. खेळात चित्रांचा वेग ६० वर बांधून ठेवा. नको असलेले वॅट वाचतात. कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोलीची हवा बऱ्याच अंशांनी उतरवतो आणि त्याचा लॅपटॉपला थेट फायदा होतो. मात्र लॅपटॉप कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका. पाण्याचे तुषार आणि त्यातील क्षार आत जातात. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा हा उपयोग उरत नाही. मे-जूनमधील धुळीच्या वादळांनंतर पत्र्यांमध्ये धूळ साचते आणि औष्णिक रोध वाढतो. म्हणून दीर्घ चाचणी दर सहा महिन्यांनी, त्याच तापमानाच्या खोलीत पुन्हा करा. पहिल्या दिवशीचा तक्ता जपून ठेवला असेल, तरच ही तुलना शक्य होते.

८. सारांश

ग्राफिक्स कार्डाचे नाव त्याची क्षमता सांगते. किती वॅट मिळणार, हे लॅपटॉपची रचना ठरवते. त्यातले किती वॅट टिकणार, हे खोलीतील हवा ठरवते. म्हणून चाचणीच्या तक्त्यात खोलीचे तापमान हा पहिला स्तंभ असावा.

स्वाध्याय

१. एका लॅपटॉपचा औष्णिक रोध ०.५ अंश प्रति वॅट आणि तापमानाची मर्यादा ८७ अंश आहे. खोली ३७ अंश असताना चिप किती वॅट टिकवू शकेल? (उत्तर: १०० वॅट)
२. दोन मित्रांकडे एकाच नावाचे कार्ड असूनही चित्रांचा वेग वेगळा दिसतो. याची तीन संभाव्य कारणे लिहा आणि प्रत्येक कारण तपासण्यासाठी कोणती चाचणी घ्याल ते सांगा.
३. तुमच्या खोलीत पहाटे आणि दुपारी दीर्घ चाचणी घेऊन दोन्हींचे वॅट व तापमान एकाच आलेखावर काढा. आलेखातील कोणता भाग खोलीमुळे बदलला, ते दोन वाक्यांत लिहा.