खोआईची माती आणि कांथाचा टाका

जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक रचून ते धावदोऱ्याने शिवण्याची कला भारताच्या अनेक प्रांतांत आढळते. महाराष्ट्रात तिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, बिहारमध्ये सुजनी आणि बंगालमध्ये कांथा. मराठी वाचकाला हा शेवटचा शब्द परका वाटू नये. जोगी-संन्याशाच्या ठिगळांच्या वस्त्राला आपल्याकडेही कंथाच म्हणतात. ही कला घराघरांत होती, परंतु तिला कलेचा मान क्वचितच मिळाला. चित्र भिंतीवर लागले, त्याखाली चित्रकाराची स्वाक्षरी आली. गोधडी मात्र अंथरुणाच्या वळकटीतच राहिली.

ही दोन टोके जिथे एकत्र आली, अशा स्थळांमध्ये पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्याचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील भूमीने चित्रकारांना विषय दिला आणि त्याच भूमीवरील स्त्रियांच्या हाती सुई होती. कुंचला आणि सुई यांच्या या सहकार्यातून कलाकृती कशी घडते, तिचे मोल कसे ठरवावे आणि तिच्यावर नाव कोणाचे असावे, या प्रश्नांचा विचार कलारसिकाइतकाच ग्राहकाने आणि बँक कर्मचाऱ्यानेही करण्याजोगा आहे.

तांबड्या मातीचा प्रदेश

छोटा नागपूरच्या पठाराचा उतार बंगालच्या मैदानाला जिथे मिळतो, तिथे बीरभूम वसले आहे. येथील माती तांबडी. कोकणातल्या माणसाला परिचित असलेला जांभा येथेही आहे. पावसाच्या पाण्याने ही जमीन वर्षानुवर्षे कापली जाते आणि तिच्यात घळी, उंचवटे व नागमोडी कडा तयार होतात. या झिजलेल्या भूमीला स्थानिक लोक ‘खोआई’ म्हणतात. तिच्या जोडीला कोपाई नदीचे वळणदार पात्र, एकाकी उभे असलेले ताडवृक्ष आणि संथाळांची मातीच्या भिंतींची घरे, असे हे निसर्गदृश्य आहे. त्यात हिमालयाची भव्यता नाही की समुद्राचे आकर्षण नाही. येथे पाहण्यासारखी आहे ती मुख्यतः जमीनच.

याच प्रदेशात देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ मध्ये शांतिनिकेतनसाठी जागा घेतली. १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी तेथे शाळा सुरू केली आणि १९१९ मध्ये कलाभवनाची स्थापना झाली. २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत करण्यात आला.

कलाभवनातील एक जोड

नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांनी कलाभवनाची धुरा दीर्घकाळ वाहिली. चित्रकला श्रेष्ठ आणि हस्तकला कनिष्ठ ही उतरंड त्यांना मान्य नव्हती. विद्यार्थ्यांनी आजूबाजूचा निसर्ग पाहावा, त्याची रेखाटने करावीत आणि तोच निसर्ग भिंतीवर, जमिनीवर व कापडावर उतरवावा, अशी त्यांची शिकवण होती. महाराष्ट्रातून तेथे गेलेले विनायक मासोजी याच परंपरेत घडले आणि पुढे त्यांनी तेथे अध्यापनही केले.

अल्पना, म्हणजे बंगालची रांगोळी, आणि सुईकाम शिकविण्यासाठी पूर्व बंगालमधील सुकुमारी देवी कलाभवनात आल्या. त्यांचे ज्ञान पुस्तकी नव्हते. व्रतवैकल्यांच्या निमित्ताने घरात काढल्या जाणाऱ्या आकृत्या त्यांच्या बोटांत मुरलेल्या होत्या. एका बाजूला प्रशिक्षित चित्रकाराची दृष्टी आणि दुसऱ्या बाजूला घरंदाज हाताची परंपरा, अशी ही जोड होती. तिच्यातून व्रतांच्या ठरावीक चिन्हांऐवजी परिसरातील पाने, फुले व वेली अल्पनेत आल्या आणि शांतिनिकेतनची स्वतंत्र शैली तयार झाली. नंदलालांच्या कन्या गौरी भंज यांनी ही परंपरा पुढे चालविली. १९२२ मध्ये सुरू झालेल्या श्रीनिकेतनने ग्रामीण हस्तोद्योगांच्या पुनरुज्जीवनाचे कार्य केले. त्यामुळे येथील आकृतिबंध वर्गाबाहेर, गावातील हातांपर्यंत पोहोचण्यास साहाय्य झाले.

याच परंपरेतील विनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४० मध्ये कलाभवनाच्या वसतिगृहातील छतावर बीरभूमचे ग्रामजीवन रंगविले. मध्यभागी तळे आणि त्याच्याभोवती पसरलेले गाव, झाडे, माणसे व जनावरे अशी त्याची रचना आहे. कोणत्याही एका बाजूने ते चित्र सरळ नाही. पाहणाऱ्याला फिरावे लागते. पारंपरिक कांथाची मांडणीही पुष्कळदा अशीच असते. मध्यभागी कमळ, चार कोपऱ्यांत झाडे किंवा कोयरी आणि मधल्या जागेत हत्ती, घोडे, पालख्या, नौका. अंथरलेल्या वस्त्राला वरची आणि खालची बाजू नसते. चित्रकार आणि गोधडी शिवणारी स्त्री या दोघांनाही एकाच प्रकारचा अवकाश सुचावा, ही बाब लक्षणीय आहे.

रेषेपासून टाक्यापर्यंत

चित्रकाराने चित्र द्यावे आणि कारागिरणीने ते भरून काढावे, असा या सहकार्याविषयी सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्ष प्रक्रिया पाहिली की तो टिकत नाही.

प्रथम चित्राचा खाका तयार होतो. पातळ कागदावर रेषा उतरवून त्यांवर सुईने बारीक छिद्रे पाडतात. कागद कापडावर ठेवून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेल्या भुकटीचा बोळा फिरवतात, म्हणजे ठिपक्यांची रेषा कापडावर उमटते. येथपर्यंतचे काम चित्रकाराचे म्हणता येईल. मात्र यापुढे त्याची बरीचशी साधने निरुपयोगी ठरतात. जलरंगात पाण्याने सौम्य होत जाणारी छटा धाग्याने जशीच्या तशी साधता येत नाही. ती छटा टाक्याची लांबी, दोन टाक्यांमधील अंतर आणि ओळींची दिशा यांतून निर्माण करावी लागते. टाके दाट घेतले की सावली गडद होते, विरळ घेतले की प्रकाश येतो. ओळी वळविल्या की जमिनीचा उतार दिसतो. हे निर्णय कापड हातात असतानाच घ्यावे लागतात आणि ते सुई धरणारी व्यक्तीच घेऊ शकते.

याहून महत्त्वाची बाब पार्श्वभूमीची आहे. जुन्या कांथामध्ये आकृत्यांमधील मोकळी जागाही पांढऱ्या धाग्याच्या धावदोऱ्याने भरली जाई. त्या असंख्य ओळींमुळे कापड किंचित आकसते आणि त्यावर सूक्ष्म लहरी उमटतात. कांथाचे काम साडी-ओढणीवर आले, तेव्हा हे पार्श्वभूमीचे टाके बहुधा गळाले, कारण साडीला थर नसतात आणि वेळही परवडत नाही. फुलापानांच्या नक्षीचे त्यावाचून फारसे अडत नाही. खोआईचे दृश्य मात्र त्यावाचून उभे राहात नाही. ज्या प्रदेशात पाहण्यासारखी जमीनच आहे, तेथे जमिनीचे टाके वगळून कसे चालेल? पाण्याने झिजलेल्या मातीच्या वळ्या आणि धावदोऱ्याने उठलेल्या कापडाच्या वळ्या यांचे साम्य कागदावर रंगवून दाखविता येत नाही. ते शिवूनच प्रकट होते.

या प्रक्रियेत चित्रकारालाही काही गोष्टी शिकाव्या लागतात. दाट टाक्यांनी कापड आकसणार म्हणून मूळ रेखाटन थोडे मोठे घ्यावे लागते. कापडावर रंग लावायचा असल्यास तो पातळ हवा, कारण जाड थरातून सुई सहज जात नाही आणि पडलेली छिद्रे दिसत राहतात. तसेच रंग व धागा धुण्यात टिकतो का, हे आधी लहान तुकड्यावर तपासणे श्रेयस्कर.

श्रमाचा हिशेब

कलाकृती पूर्ण झाल्यावर व्यवहाराचा प्रश्न येतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका भित्तिपटाच्या रेखाटनासाठी चित्रकाराला ६ दिवस, रोज ८ तासांप्रमाणे ४८ तास लागले. शिवणकामाला ९० दिवस, रोज ५ तासांप्रमाणे ४५० तास लागले. विक्री ३०,००० रुपयांना झाली. कापड, धागा व चौकट यांचे ३,००० आणि विक्रेत्याचे ६,००० रुपये वजा जाता २१,००० उरले.

कारागिरणीला नगावर ९,००० रुपये मजुरी ठरली असेल, तर तिला ताशी २० रुपये पडतात आणि चित्रकाराला १२,००० म्हणजे ताशी २५० रुपये. याउलट केवळ तासांप्रमाणे वाटणी केली, तर चित्रकाराच्या वाट्याला सुमारे २,००० रुपयेच येतात आणि त्याच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचे मोल शून्य ठरते. एकास दोन असे प्रमाण धरल्यास चित्रकाराला ७,००० व कारागिरणीला १४,००० रुपये मिळतात. तरीही तिचा दर ताशी सुमारे ३१ रुपयेच राहतो. याचा अर्थ उघड आहे. वाटणी कितीही न्याय्य असली तरी मूळ किंमतच अपुरी असेल, तर तिची झळ ज्याचे तास अधिक त्यालाच बसते. त्यामुळे किंमत ठरविताना तासांची नोंदवही हा पहिला आधार असावा.

दुसरी अडचण खेळत्या भांडवलाची. तीन महिने चालणाऱ्या कामाचे पैसे विक्रीनंतरच मिळणार असतील, तर मधल्या काळात घर कसे चालावे? यासाठी कामाच्या आरंभी आगाऊ रक्कम आणि विक्रीनंतर हिस्सा, अशी पद्धत अधिक हितावह ठरते. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. त्यातून विकसित झालेली कर्जव्यवस्था अशा कामासाठी उपयुक्त आहे, कारण धागा-कापडाची खरेदी आणि प्रतीक्षेचा काळ या दोन्ही गरजा गटाच्या माध्यमातून भागविता येतात. मात्र परतफेडीचे हप्ते ठरविताना उत्पन्न दरमहा येत नाही, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

नाव कोणाचे?

पश्चिम बंगालच्या नक्षी कांथाला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या नोंदणीमुळे प्रदेशाच्या आणि कलेच्या नावाला संरक्षण मिळते. विशिष्ट भित्तिपट कोणाचा, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ पाहावा लागतो. या कायद्याच्या ‘कलात्मक कृती’च्या व्याख्येत चित्र व रेखाटनाबरोबरच कलात्मक कारागिरीच्या कृतीही येतात. दोन किंवा अधिक कर्त्यांच्या सहकार्याने झालेल्या आणि ज्यात एकाचे योगदान दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही, अशा कृतीला कायदा संयुक्त कर्तृत्वाची कृती मानतो.

येथेच मतभेदाला वाव राहतो. रेखाटन स्वतंत्रपणे कागदावर असल्याने ते वेगळे काढता येते, असे कोणी म्हणेल. परंतु पूर्ण झालेल्या पटातील प्रकाश, उतार आणि पोत टाक्यांतून निर्माण झाले असतील, तर ते रेखाटनात कोठे होते? हा वाद उत्पन्न होण्यापूर्वीच साध्या भाषेत लेखी करार करणे इष्ट. कर्ते कोण, नावे कोणत्या क्रमाने, विक्रीतील हिस्सा किती आणि प्रतिकृती काढण्यास परवानगी कोणाची, एवढ्या चार बाबी त्यात असाव्यात. हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात मुदत नमूद नसल्यास कायदा ती पाच वर्षे धरतो. आर्थिक हक्क दिल्यानंतरही कृतीवर आपले कर्तृत्व सांगण्याचा कर्त्याचा अधिकार मात्र अबाधित राहतो.

नाव नोंदविण्याची इच्छा नवी नाही. कोलकात्याजवळील जोका येथील गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी यांनी केलेला एकोणिसाव्या शतकातील कांथा आहे. आपण तो वडिलांसाठी स्वहस्ते तयार केला, हे त्यांनी टाक्यांनीच लिहून ठेवले आहे. कोणत्याही कायद्याच्या आधाराविना त्यांनी आपली स्वाक्षरी वस्त्रात शिवली. अलीकडच्या काळात २०२३ मध्ये दक्षिण चोवीस परगण्यातील प्रीतिकणा गोस्वामी यांना आणि २०२४ मध्ये बीरभूमच्या तकदिरा बेगम यांना कांथाकामासाठी पद्मश्रीने गौरविण्यात आले. सुईकामाला कलेचा दर्जा मिळत असल्याची ही अधिकृत पावती होय.

ग्राहकाच्या हातीही काही गोष्टी आहेत. शांतिनिकेतनजवळच्या सोनाझुरीच्या हाटात असो वा आपल्या शहरातील प्रदर्शनात, असा पट विकत घेताना चित्र कोणाचे हे आपण विचारतोच. शिवले कोणी, किती दिवसांत आणि त्या व्यक्तीचे नाव पटावर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर का नाही, हेही विचारावे. पट उलटा करून त्याची मागील बाजू पाहावी. खाक्याचा मागमूसही तेथे नसतो, पण टाक्यांच्या ओळी मात्र तशाच उमटलेल्या असतात. ज्या हाताने त्या घातल्या, त्याचे नाव विक्रीच्या पावतीवर येईल, तेव्हाच हे सहकार्य बरोबरीचे म्हणता येईल.