लंडनच्या परसबागेतला कोल्हा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हॅरो, हाउन्स्लो किंवा स्लाउमध्ये मागे बाग असलेले घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला कोल्ह्याची ओळख लवकरच होते. सकाळी हिरवळ उकरलेली असते, कचऱ्याची पिशवी फाटलेली असते, दाराबाहेर राहिलेला मुलाचा एक बूट गायब असतो. ‘कुणाला तरी बोलावून याला पकडून न्यायला सांगू’, हा विचार लगेच मनात येतो आणि तिथेच चूक होते. कोल्हा तुमच्या बागेत काही मिळते म्हणून येतो. ते मिळणे चालू राहिले तर हा कोल्हा गेल्यावर दुसरा येईल.

जंगल तोडल्यामुळे हा प्राणी शहरात शिरला, ही समजूत ब्रिटनपुरती तरी खरी नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, विशेषतः 1930 च्या दशकात, दक्षिण इंग्लंडमधल्या शहरांभोवती मोठ्या बागा असलेल्या जोडघरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. लपायला झुडपे आणि खायला मुबलक, अशी जागा कोल्ह्यांना मानवली. आजचा लंडनचा कोल्हा शहरातच जन्मतो, म्हणून ‘त्याला जंगलात सोडा’ या सूचनेत अर्थ नाही. अनोळखी मुलखात सोडलेल्या कोल्ह्याला तिथले कोल्हे टिकू देत नाहीत. मारून संख्या कमी करण्याचा प्रयोगही होऊन गेला. लंडनच्या काही स्थानिक परिषदांनी कोल्हे मारण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले आणि उपयोग होत नाही हे पाहून ते बंद केले. कारण सरळ आहे. कोल्हा आपला इलाखा राखून असतो आणि तो मेला की जागा फार दिवस रिकामी राहत नाही. शहरातले बहुतेक कोल्हे दोन वर्षेही जगत नाहीत, मोटारीखाली येऊन पुष्कळ मरतात. पण कोल्हीण दर वसंतात चार-पाच पिल्ले देते, आणि शरद ऋतूपासून ही तरणी पिल्ले स्वतःची जागा शोधत फिरू लागतात.

यावर ब्रिस्टलचा दाखला दिला जाऊ शकतो. 1994 मध्ये तिथे खरजेची साथ आली आणि शहरातले 95 टक्क्यांहून अधिक कोल्हे गेले. संख्या भरून यायला बरीच वर्षे लागली. मग मारून उपयोग होत नाही असे कसे म्हणायचे? साथीने सगळे शहर एकाच वेळी रिकामे केले, हे त्याचे उत्तर आहे. शेजारच्या शंभर बागांत कोल्हे असताना एका बागेतला कोल्हा उचलणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि घरमालकाला करता येते ते एवढेच. शिवाय इतक्या मोठ्या संहारानंतरही ब्रिस्टलमध्ये कोल्हे परत आलेच.

भीतीचे म्हणाल, तर महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाच्या मनात आधी रेबीज येतो, आणि आपल्याकडे ती भीती रास्तच आहे. मुंबईच्या खारफुटीत राहणारा सोनेरी कोल्हा हा वेगळा प्राणी. 2024 मध्ये चेंबूर परिसरातल्या अशा कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला होता. ब्रिटनमध्ये मात्र कोल्ह्या-कुत्र्यांतला रेबीज 1922 पासून नाही. लहान मुलांवर हल्ले झाले आहेत हे लपवण्याचे कारण नाही. 2010 मध्ये हॅकनीत आणि 2013 मध्ये ब्रॉमलीत घरात शिरलेल्या कोल्ह्याने तान्ह्या मुलांना जखमी केले. अशा घटना इतक्या विरळ आहेत की वर्षांनंतरही त्या नावानिशी सांगता येतात. कुत्रा चावल्याने इंग्लंडमध्ये दरवर्षी हजारो लोक रुग्णालयात दाखल होतात. तरीही उन्हाळ्यात तळमजल्यावर बाळ झोपले असेल तर बागेचे दार सताड उघडे ठेवू नये. विष्ठेतून पसरणाऱ्या जंतांचा धोका खरा आहे, पण तो कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतूनही तितकाच येतो. वाळूचा खड्डा झाकणे आणि मुलांचे हात धुणे, हा त्यावरचा उपाय. मांजरांबद्दलही असेच. क्रॉयडनच्या आसपास मांजरांची छिन्नविच्छिन्न शरीरे सापडत होती आणि कुणी विकृत माणूस ती मारतो असा बोलबाला होता. 2018 मध्ये पोलिसांनी निष्कर्ष काढला की मांजरे बहुधा मोटारींखाली मेली होती आणि कोल्ह्यांनी नंतर ती कुरतडली. धडधाकट मांजराच्या वाटेला कोल्हा सहसा जात नाही.

ससे, गिनीपिग आणि कोंबड्या यांना मात्र पूर्ण संरक्षण हवे. षट्कोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही, तो ती फाडतो. जाड तारेची वेल्डमेश लावावी, ती जमिनीत फूटभर पुरून तळाशी बाहेरच्या बाजूला वळवावी, आणि वरूनही जाळी घालावी. खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या मारून एकच नेतो म्हणून लोक त्याला क्रूर म्हणतात. वास्तविक जास्तीची शिकार पुरून ठेवणे ही त्याची सवय असते आणि बंद खुराड्यातून भक्ष्याला पळता येत नाही. बागेत बोनमील किंवा रक्त-मासळीचे खत घातले की पुरलेल्या मांसाचा वास येतो आणि तो वाफे उकरतो. हिरवळ उकरली असेल तर बहुधा खाली गांडुळे किंवा हुमणी असते. पडलेली फळे, पक्ष्यांसाठी जमिनीवर टाकलेले दाणे आणि कचऱ्याच्या उघड्या पिशव्या रात्रीआधी उचलाव्यात. घट्ट झाकणाचा चाकांचा डबा त्याला सहसा उघडता येत नाही.

‘आम्ही सगळे केले, पण शेजारी रोज खाऊ घालतात’, ही तक्रार रास्त आहे. मग कोल्हा तुमच्या बागेतून ये-जा करील, पण मुक्काम करायचे कारण उरणार नाही. शेजाऱ्यांशी बोलावे, निदान हातून भरवू नका एवढे तरी सांगावे, कारण माणसाला सरावलेला कोल्हाच घरात शिरतो. डांबरगोळ्या, डिझेल असले घरगुती उपाय करू नयेत. कोल्ह्यांसाठी मान्यता मिळालेलीच रसायने वापरायला कायद्याची परवानगी आहे. विष घालणे गुन्हा आहे, आणि बिळात प्राणी असताना ते बुजवणे 1996 च्या वन्य सस्तन प्राणी संरक्षण कायद्यात अडकवू शकते.

शेड किंवा डेकखालची पोकळी शरद ऋतूतच बंद करावी. वीण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते, जानेवारीच्या रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळ्या त्याच काळातल्या असतात, आणि पिल्ले मार्च-एप्रिलमध्ये जन्मतात. आधी तोंडाशी वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबावेत. काही दिवस ते जागचे हलले नाहीत तर आत कुणी नाही असे समजून जाळी ठोकावी. पिल्ले आधीच झाली असतील तर जूनपर्यंत थांबावे, तोवर ती बहुधा स्वतःहून निघून गेलेली असतात.