संस्थेचे टपाल संस्थेच्या ताब्यात : स्वतःचा मेल सर्व्हर चालवताना



आपल्या बहुतेक मंडळांचा, विहार समित्यांचा आणि विद्यार्थी गटांचा ईमेल पत्ता कुणातरी एका कार्यकर्त्याच्या मोबाईल नंबरवर उघडलेला असतो. तो नोकरीसाठी बाहेर गेला की पत्ता त्याच्याबरोबर जातो. संघटना फुटली तर बॅनर दोन होतात, लेटरहेड दोन होतात, पण पासवर्ड एकाकडेच राहतो. आणि त्या इनबॉक्समध्ये काय असते? विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाची पाने, अत्याचाराच्या प्रकरणांतील तक्रारींच्या प्रती. वसई-विरारमध्ये शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देण्याचे काम करताना हा प्रश्न आमच्यासमोर आला आणि आम्ही स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. त्यात आमचे काय चुकले आणि ते कसे सापडले, तेवढेच इथे सांगतो. मी संगणकाचा माणूस नाही, समाजशास्त्राचा आहे. त्यामुळे जे मला कळले ते कुणालाही कळेल.

ईमेल कुणा एका कंपनीची मालमत्ता नाही. एका संगणकाने दुसऱ्याला टपाल कसे द्यायचे याचे नियम १९८२ मध्ये जाहीर झाले आणि ते सर्वांसाठी खुले आहेत. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूची एनसीएसटी, पवईची आयआयटी अशा संस्था साध्या टेलिफोन लाइनवरून एकमेकींना मेल पाठवत. आजही स्वतःचे टपालघर उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. लागते ते एक डोमेन नाव, भाड्याचा एक सर्व्हर आणि मोफत मिळणारी सॉफ्टवेअर. पोस्टफिक्स टपाल आणते-नेते, डव्हकॉट ते खात्यांमध्ये साठवते, आरस्पॅमडी कचरा वेगळा करते. ‘मेल-इन-अ-बॉक्स’सारखा संच घेतला तर अशा प्रकारची जोडणी बरीचशी आपोआप होते.

सर्व्हर घरी ठेवू नका. जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वसई-विरारच्या कित्येक भागांत वीज नाही. वीज गेली म्हणून येणारे टपाल लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मगच पत्र परत करतो. खरी अडचण वेगळी आहे. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बहुधा बदलता किंवा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि असे पत्ते ‘स्पॅमहाउस’सारख्या यादीत आधीच ‘इथून थेट मेल येऊ नये’ म्हणून नोंदलेले असतात. म्हणून भाड्याचा सर्व्हर, स्थिर पत्त्याचा. तो घेताना दोन गोष्टी पाहा. बाहेर जाणारे पोर्ट २५ उघडे आहे का (बऱ्याच कंपन्या नव्या ग्राहकासाठी ते बंद ठेवतात, मागणी करावी लागते) आणि मिळालेला आयपी आधीच्या भाडेकरूच्या उद्योगांमुळे काळ्या यादीत गेलेला नाही ना.

टपाल घेणे सोपे आहे. एमएक्स रेकॉर्ड लावला की पत्रे येऊ लागतात. पाठवलेल्या पत्रावर समोरच्याने विश्वास ठेवणे, हे अवघड.

आमचा अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळातच आम्ही शंभरावर विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरील अर्जाच्या शेवटच्या तारखेचा मेल पाठवला. लॉगमध्ये प्रत्येकापुढे २५० हा आकडा, म्हणजे ‘स्वीकारले’. आम्ही निर्धास्त. उत्तरे मात्र चार-पाचच आली. तारीख उलटल्यावर संतोष भुवनमधली एक मुलगी चौकशीला आली. तिने आमच्यासमोर फोन उघडला, तर आमचे पत्र स्पॅम फोल्डरमध्ये पडलेले. ते कंपनीने तिथे टाकले असले तरी कारण आमच्याकडे होते. २५० चा अर्थ समोरच्या दारात पत्र घेतले एवढाच असतो. ते टेबलावर ठेवले की टोपलीत टाकले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

त्या रात्री आम्ही एक मेल आमच्याच जीमेल खात्यावर पाठवला आणि तिथे ‘शो ओरिजिनल’ उघडले. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नावांपुढे पास की नापास ते लिहिलेले असते. आमचा एसपीएफ नापास होता.

ही तीन नावे नीट समजून घ्या. एसपीएफ ही डोमेनच्या डीएनएसमध्ये लावलेली जाहीर यादी आहे : आमच्या नावाने अमुक सर्व्हरच पत्र पाठवू शकतात. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची सही. सही करण्याची चावी सर्व्हरवर गुप्त राहते, ती तपासण्याची चावी डीएनएसमध्ये सर्वांसाठी असते. डीमार्क ही सूचना आहे : या तपासण्यांत आमच्या नावाचे पत्र नापास झाले तर त्याचे काय करायचे, आणि अहवाल कुठे पाठवायचा. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक बंधनकारक केले. जीमेल खात्यांवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

आमच्याकडे एसपीएफचे दोन रेकॉर्ड होते. एक नवा, एक पूर्वी वापरलेल्या सेवेचा, काढायचा राहून गेलेला. नियमानुसार एका डोमेनला एकच चालतो. दोन असले तर दोन्ही फुकट. दुसरा दोष उलट्या नोंदीचा, म्हणजे पीटीआरचा होता. नावावरून आयपी सापडतो तसा आयपीवरूनही नाव सापडले पाहिजे, आणि ते आपल्या मेल सर्व्हरचेच हवे. आमचे अजून होस्टिंग कंपनीने दिलेले आकड्यांचे नाव होते. ही नोंद डोमेन विकणाऱ्याकडे करता येत नाही, सर्व्हर देणाऱ्याच्या पॅनलमध्ये करावी लागते. आम्ही दोन दिवस चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली. त्या मुलीचा अर्ज मात्र राहिला. तेव्हापासून तारखेचा मेल गेला की आम्ही फोनही करतो.

बिघाड झाला की आधी लॉग वाचा, सेटिंग बदलू नका. घाईत चार गोष्टी बदलल्या तर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले, दोन्ही कळत नाही. लॉगमध्ये ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘नंतर या’. अनोळखी सर्व्हरला काहीजण मुद्दाम एकदा परत पाठवतात, थोड्या वेळाने घेतात. इथे वाट पाहायची. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ठाम नकार. पुढे इंग्रजीत कारण असते, ते पूर्ण वाचायचे. आकडाच नाही, नुसता ‘टाइम आउट’ आहे आणि सगळीकडेच तसे होते आहे, तर पोर्ट २५ अडवलेले असण्याची शक्यता जास्त. रांगेत अचानक हजारो पत्रे दिसली, तर कुणाचा तरी पासवर्ड फुटला आहे. ते खाते लगेच बंद करा आणि रांग रिकामी करा, नाहीतर संस्थेचे नाव काळ्या यादीत जाते आणि बाहेर यायला दिवस लागतात. ‘भीम१२३’ छापाचे पासवर्ड आपल्यात किती आहेत, ते मी इथे लिहीत नाही.

एक बिघाड फसवा आहे. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. त्याचे नूतनीकरण आपोआप होते, पण डव्हकॉटला ते पुन्हा वाचायला सांगितले नाही तर तो जुनेच दाखवत राहतो आणि एका सकाळी सगळ्यांचे फोन मेल उघडेनात. जागा संपणे हेही नेहमीचे. स्कॅन केलेले दाखले मेलमधून जाताना मूळ आकारापेक्षा सुमारे एक तृतीयांश फुगतात.

मराठीचा त्रास सर्व्हरमुळे होत नाही. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली सूचना मेलमध्ये चिकटवली की समोर अगम्य अक्षरे दिसतात. युनिकोडमध्येच लिहा.

आता खर्च आणि माणसे. डोमेनला वर्षाला काही शे रुपये, सर्व्हरला महिन्याला काही शे ते हजार. पैसे जमतात, माणूस टिकत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही जाहिरात छापली नव्हती, हे आपण भाषणांत सांगतो. तेच ‘मूकनायक’ काही वर्षांत बंद पडले, हे सहसा सांगत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : दर आठवड्याला तासभर लॉग पाहणारी दोन माणसे नसतील तर सर्व्हर चालवू नका. संस्थेच्या नावाने डोमेन घ्या आणि त्यावर एखाद्या कंपनीची मेलपेटी भाड्याने घ्या. उद्या कंपनी पटली नाही तर एमएक्स बदलून टपाल दुसरीकडे वळवता येते. सर्व्हर आपला असण्यापेक्षा डोमेन आपले असणे महत्त्वाचे आहे. ते संस्थेच्या नावावर, संस्थेच्या खात्यातून पैसे भरून घ्या. मुदत संपून दुसऱ्याने ते उचलले, तर तुमच्या नावाने येणारे प्रत्येक पत्र त्याच्याकडे जाईल, दाखल्यांसकट.

आमच्याकडे डोमेनची मुदत आणि बॅकअपचा दिवस हे विहारातल्या वर्षावासाच्या वेळापत्रकाखालीच लिहून लावले आहे. पासवर्ड बंद पाकिटात, सचिव आणि खजिनदार दोघांच्या सह्यांनी, कपाटात. बॅकअप दर पौर्णिमेला वेगळ्या डिस्कवर घेतो आणि त्यातले एक जुने पत्र उघडून पाहतो. एकदा ते उघडले नाही, तेव्हा कळले की दोन महिने रिकामी फाइल साठत होती.