मेलबर्न : दूरच्या प्रवाशासाठी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याची राजधानी मेलबर्न यारा नदीकाठी वसली असून, रॉबर्ट हॉडल या भूमापकाने १८३७ मध्ये आखलेल्या काटकोनी रस्त्यांमुळे तिचा मध्यभाग नवख्या प्रवाशालाही पायी सहज उमगतो.

वेळ : येथील घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे असते, मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत, लागू असल्याने हे अंतर साडेपाच तासांचे होते.

प्रवेश : परकीय कीड व रोग देशात शिरू नयेत यासाठीची तपासणी, म्हणजेच जैवसुरक्षा, येथे अत्यंत कडक आहे, त्यामुळे लोणची, मसाले, मिठाई, बिया यांसारख्या वस्तूंची नोंद आगमनपत्रावर करणे बंधनकारक असून, त्या लपवल्यास मोठा दंड होऊ शकतो.

शहरात : टलमरीन येथील मुख्य विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे २३ किलोमीटरवर आहे आणि तेथून बस सदर्न क्रॉस रेल्वे स्थानकापर्यंत जाते. मध्यभागातील ठरावीक क्षेत्रात ट्रॅमचा प्रवास २०१५ पासून विनाशुल्क आहे. त्याबाहेर ट्रॅम, रेल्वे व बस या तिन्हींसाठी ‘मायकी’ हे पैसे भरून वापरायचे कार्ड चालते.