अव्यक्ताची रेघ

1895 साल. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी सोडलेल्या अदृश्य लहरी मधल्या भिंतीपलीकडे पोचल्या. तिथली घंटा वाजली, बंदुकीच्या दारूने पेट घेतला. त्यामागचे गणित किती जणांना कळले असेल कोण जाणे, पण घंटा सगळ्यांनी ऐकली.

न दिसणारे दाखवायचे, हा ध्यास त्यांना पुढे वनस्पतींकडे घेऊन गेला. झाड वाढते, पण वाढताना दिसत नाही. बोस यांच्या क्रेस्कोग्राफ यंत्राने ती सूक्ष्म हालचाल हजारो पटींनी मोठी केली आणि काजळी धरलेल्या काचेवर उमटवली. रोपाला विष द्या, रेघ थबकते. हे समजायला आलेख वाचता येण्याची गरज नव्हती.

30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी संशोधन संस्था उघडली आणि तिला नाव दिले ‘बसू विज्ञान मंदिर’. उद्घाटनाचे गीत रवींद्रनाथांचे. भिंतींवरची चित्रे नंदलाल बोस यांची. हेच नंदलाल काही वर्षांपूर्वी ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढत होते! प्रयोगशाळेत शिरणाऱ्याची नजर आधी चित्रावर खिळावी, यात विज्ञानाचे काहीच उणे होत नाही; उलट बिचकणारे पाऊल आत पडते.

1921 साली बोस यांचे बंगाली लेख पुस्तकरूपाने आले. नाव ‘अव्यक्त’. मराठी वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

स्वभाषेचा हा आग्रह कोलकात्याने सोडला नाही. रवींद्रनाथांनी 1937 मध्ये विश्वाची ओळख करून देणारे ‘विश्वपरिचय’ लिहिले आणि भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले. त्याच सत्येंद्रनाथांनी 1948 मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापली. तिचे मासिक ‘ज्ञान ओ विज्ञान’. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद उभी राहिली ती 1966 मध्ये.

पण जो वाचत नाही, शहरात येत नाही, त्याचे काय? कोलकात्यातल्या गुरुसदय रस्त्यावर 1959 मध्ये सुरू झालेल्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने 1965 मध्ये त्यावर उपाय काढला: फिरते विज्ञान प्रदर्शन. पुढे यासाठी खास बस तयार झाल्या. बस गावातल्या शाळेच्या मैदानात उभी राहते, मुले तिच्याभोवती गोळा होतात, आणि काचेआडचे चाक फिरवायला पहिला हात बटणाकडे जातो.